चुकीचं उत्तर देणारी उमसुनाय

उमसुनायचा चेहराच असा होता की माणसं तिच्यापाशी काहीही ठेवून जायची. विद्यापीठाच्या तळमजल्यावर कोट सांभाळायचं तिचं काम. सहाशे खुंट्या, सहाशे पितळी बिल्ले. पण तिला आईच्या मानानं 'अपा' म्हणणारी पोरं कोटाबरोबर खोलीच्या किल्ल्या ठेवायची, घरून आलेली कुरुताची, म्हणजे सुकवलेल्या दह्याच्या गोळ्यांची, पुरचुंडी ठेवायची, आणि एखादी मुलगी हळूच पत्र सरकवून सांगायची, "अपा, तो काळ्या टोपीचा उंच मुलगा आला ना, की त्याच्या हातात द्या. आणि तुम्ही वाचू नका हं."

"मला वाचायला वेळ कुठाय? तूच सांग काय लिहिलंयस," उमसुनाय म्हणायची. आणि मुलगी खरंच सांगायची.

वय बावन्न, डोक्याला पांढरा रुमाल, गाल थंडीनं कायमचे लाल. जन्म नारीन नदीच्या वरच्या अंगाच्या एका डोंगराळ गावातला. लग्न करून राजधानीत, फ्रुन्झेला, आली आणि इथलीच झाली. नवरा शार्शेन ट्रॉलीबस चालवायचा आणि घरी आला की बायकोची थट्टा करायचा. मूलबाळ नव्हतं. त्यावर कुणी हळहळलं तर उमसुनाय म्हणायची, "सहाशे आहेत. आणखी कुठं ठेवू?"

१९८३च्या शरदात लेनिनग्राडहून शिकून आलेली आइमकुल नावाची एक तरुण प्राध्यापिका विद्यापीठात रुजू झाली. आखूड केस, कायम धावपळ, आणि आठवड्यातून दोनदा हातमोजे विसरणार. एके दिवशी हातमोजे घ्यायला म्हणून आली ती तिथंच घुटमळली.

"अपा, तुमच्याकडे एक काम होतं. माझ्या प्रयोगात बसाल?"

"कसला प्रयोग? सुई टोचतात तो?"

"छे हो. माझा विषय सामाजिक मानसशास्त्र. माणूस एकटा असताना एक वागतो आणि चार माणसांत दुसरंच, ते का, याचा अभ्यास."

"अगंबाई, ते शिकायला लेनिनग्राडला जावं लागतं?"

आइमकुल हसली आणि काउंटरवर कोपरं टेकून समजावू लागली. पाच खुर्च्या ओळीनं मांडायच्या. समोर एका पुठ्ठ्यावर एक रेघ, दुसऱ्या पुठ्ठ्यावर लहानमोठ्या तीन. त्या तिनांतली कुठली पहिल्या रेघेएवढी, ते एकेकानं मोठ्यानं सांगायचं. पोरांना सांगायचं की ही नजरेची चाचणी आहे. खरं म्हणजे पाचव्या खुर्चीतलं पोर तेवढं नवखं. आधीचे चौघं आपलेच, आणि अठरांपैकी बारा वेळा ठरवून चुकीचं बोलणारे.

"आपल्याकडे मोठं माणूस बोललं की लहान गप्प बसतं. मला बघायचंय, किती गप्प बसतं. म्हणून पहिल्या खुर्चीत मोठं माणूस हवं. तुमच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे, अपा."

"म्हणजे माझ्यावर विश्वास आहे म्हणून मी खोटं बोलायचं?"

आइमकुलनं विसरलेले हातमोजे चढवले. "शास्त्रासाठी," ती म्हणाली.

उमसुनायनं तिच्याकडे पाहिलं. एवढीशी पोर, एकटीच परक्या शहरातून परत आलेली, खोकत होती. "बरं," ती म्हणाली. "पण आधी गळ्याला काहीतरी गुंडाळ."

पहिल्या दिवशी सगळा विचका झाला. आइमकुलनं पुठ्ठे उभे केले, उमसुनायनं ठरल्याप्रमाणे "दुसरी" म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "तिसरी की गं ही, आंधळ्यालासुद्धा दिसेल!" ओळीतले तिघं विद्यार्थी आता काय बोलावं म्हणून एकमेकांकडे बघू लागले. त्या दिवसाची नोंद आइमकुलनं फाडून टाकली.

घरी शार्शेननं पोट धरून हसून घेतलं. "तुला खोटं बोलायला बोलावलं? तुला? अगं, पाहुण्याला 'जेवण झालंय आमचं' एवढं खोटं जमत नाही तुला!"

"तुला जमतं ना? मग शिकव."

"सोपं आहे. वरिष्ठ तपासायला आला की मी त्याच्या तोंडाकडे बघतच नाही, टोपीकडे बघतो."

दुसऱ्या खेपेला उमसुनायनं पुठ्ठ्याकडे नुसतं बघितल्यासारखं केलं आणि नजर भिंतीवरच्या दिव्याला लावून म्हणाली, "दुसरी." आवाज स्थिर आला. मागोमाग तिघं म्हणाले, "दुसरी." पाचव्या खुर्चीतल्या मुलानं मान पुढं काढली, मागं घेतली, घसा खाकरला आणि पुटपुटला, "दुसरी." आपलं खोटं खपलं हे उमसुनायला रुचलं नाही. पण काम अंगावर घेतलं होतं. आठवड्यातून तीन दुपारी ती वरच्या मजल्यावर जाऊन बसू लागली, आणि प्रयोग पूर्ण होईपर्यंत कुणापाशी अवाक्षर काढायचं नाही असं तिनं आइमकुलला वचन दिलं.

जानेवारीपर्यंत चाळीसेक पोरं त्या खुर्चीतून उठून गेली. आइमकुलच्या वहीत खुणांची रांग वाढत होती आणि ती खूश होती. पण खाली कोटांच्या खोलीत भलतंच चाललं होतं. पोरं बिल्ला देताना आकडा मोठ्यानं सांगू लागली. "अपा, दोनशे सतरा. दोन, एक, सात." कुणी काउंटर ओलांडून आत यायचं, "तुम्ही बसा, मी काढतो." एकानं दिव्याची जुनी पिवळी काच बदलून दिली. उमसुनायला काही उमगेना.

मग एक दिवस तलास भागातला एसेनबेक आला. गणिताचा विद्यार्थी, हाडकुळा, बोलताना कानापर्यंत लाल होणारा. त्यानं खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढून काउंटरवर ठेवलं. चष्मा होता. एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

"माझ्या आजीचा. ती गेली गेल्या वर्षी. घालून बघा ना, अपा. नंबर जुळला तर जुळला."

"मला कशाला चष्मा, बाळा?"

एसेनबेकचे कान पेटले. "वरती... त्या रेघा. तुम्हाला दिसत नव्हत्या. मला कळलं ते."

"आणि तू? तूही दुसरीच म्हणालास की."

"मग काय करू? तुम्ही चुकलात. त्या तिघांनी तुम्हाला सांभाळून घेतलं. म्हटलं, चांगली पोरं आहेत. आता मी एकटाच शहाणा होऊन सगळ्यांदेखत अपाला आंधळी ठरवू?"

उमसुनायनं चष्मा डोळ्यांवर चढवला. समोरचे कोट धुरकट झाले. चष्म्याचा त्यात अर्धाच दोष होता. "छान दिसतं," ती म्हणाली. त्या हिवाळ्यात आधी न ठरवता बोललेलं तिचं हे पहिलंच खोटं.

संध्याकाळी आइमकुल खाली उतरली तेव्हा उमसुनायनं तिला गाठलं. "तुझ्या वहीत एसेनबेकपुढं काय लिहिलंय?"

"बारापैकी अकरा वेळा झुकला."

"झुकला नाही तो. मला सांभाळून घेतलं त्यानं." आणि तिनं चष्मा दाखवला.

आइमकुल आधी हसली, मग हसता हसता थांबली. चष्मा हातात घेऊन बराच वेळ दोऱ्याची गाठ बघत राहिली. "हे मी कधी विचारलंच नाही कुणाला," ती म्हणाली. "कितीदा, एवढंच मोजत बसले." पण प्रयोग अर्ध्यावर होता आणि विभागप्रमुख वसंतापर्यंत निबंध मागत होते. तेव्हा सगळं संपल्यावर विचारू, असं ठरलं.

तेवढ्यात गुलबार्चिनचा प्रकार घडला. कोचकोर गावची मुलगी, इतिहासाच्या पहिल्या वर्षाला, जेमतेम अठराची. पाचव्या खुर्चीत बसली आणि पहिल्या खोट्या उत्तरानंतर हळूच म्हणाली, "तिसरी." पुढच्या खेपेला, "पहिली." बाराच्या बारा वेळा ती जे दिसलं तेच बोलली, पण दर वेळी आवाज खाली खाली जात होता, आणि शेवटी नुसते ओठ हलले. उमसुनायला वाटलं, उठावं आणि पोरीचा मुका घ्यावा. ती दिव्याकडे बघत बसून राहिली.

त्यानंतर गुलबार्चिन कोट ठेवायला येईना. बर्फानं भिजलेला कोट काखेत गुंडाळून, मान खाली घालून, काउंटरसमोरून निघून जायची. दहा दिवसांनी ती दिसायचीच बंद झाली. तिच्या खोलीतल्या मैत्रिणीला उमसुनायनं विचारलं.

"ती घरी चाललीय, अपा. सोमवारच्या बसनं. पुस्तक उघडत नाही, खिडकीशी बसून असते. तिच्या वडलांचे डोळे चाळिशीत गेले ना. म्हणते, माझेही चालले. नजरेच्या चाचणीत सगळ्यांना एक दिसत होतं आणि मला दुसरंच."

उमसुनायच्या हातातला कोट खाली पडला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आइमकुल बहिणीकडे गावाला गेलेली. उमसुनायकडे इमारतीच्या सगळ्या किल्ल्या असत. तिनं प्रयोगाच्या खोलीतलं कपाट उघडलं, पुठ्ठ्यांची एक जोडी कोटाच्या आत घातली, घरून बोर्सोक, कणकेचे ताजे तळलेले तुकडे, फडक्यात बांधून घेतले आणि दुपारी वसतिगृहाचे तीन जिने चढून गेली.

गुलबार्चिनची पेटी भरून तयार होती. अपाला बघून ती दचकून उभी राहिली आणि तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "माफ करा, अपा. मी तुम्हाला चारचौघांत खोडून काढलं."

"बस," उमसुनाय म्हणाली. तिनं पुठ्ठे पलंगावर मांडले, पिशवीतून विणकामाची लोकर काढली आणि दातानं एक तुकडा तोडला. "ही रेघ माप."

"कशाला?"

"माप म्हणते ना."

गुलबार्चिननं लोकर रेघेवर ताणून धरली, चिमटीत पकडली आणि दुसऱ्या पुठ्ठ्यावर नेली. पहिली रेघ आखूड. दुसरी लांब. तिसरीवर लोकर बरोब्बर बसली. तिनं पुन्हा मापलं. मग तिसऱ्यांदा.

"तुझे डोळे ससाण्याचे आहेत," उमसुनाय म्हणाली. "आम्ही चौघं खोटं बोलत होतो. ठरवून."

"तुम्ही?" पोरीचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "अपा, तुम्ही खोटं बोललात?"

"बारा वेळा. तुझ्या शेजारी बसून."

"मी दहा दिवस... आईला पत्र लिहून मोकळी झाले मी! आई रडत असेल तिकडे!" तिनं पुठ्ठा उचलला आणि भिरकावून दिला. तो दारावर आपटून पडला. उमसुनायनं तो उचलला नाही. पोरीनं रडून घेतलं, रागावून घेतलं, एकदा "जा इथून" असंही म्हणाली. उमसुनाय पलंगाच्या काठावर बसून राहिली.

बऱ्याच वेळानं गुलबार्चिन शांत झाली तेव्हा उमसुनाय बोलू लागली. शार्शेनलाही तिनं हे कधी सांगितलं नव्हतं.

"वीस वर्षांची होते मी. आमच्या गावात मुकाम्बेत म्हणून गुरांचा वैद्य होता. वसंतात त्यानं गावच्या सामूहिक शेतीच्या अध्यक्षाला सांगितलं, बर्फ येणार, मेंढरं डोंगरावरून खाली आणा. मी चहा ओतत होते, माझ्या कानांनी ऐकलं. अध्यक्ष म्हणाला, एवढ्यात नाही. बर्फ आला. चारशे मेंढरं मेली. मग सभा भरली, आणि अध्यक्षानं विचारलं, दोष मुकाम्बेतचा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

"आणि?"

"माझ्या डावीकडे वडील, उजवीकडे चुलती. दोघांचे हात वर. सगळ्यांचे वर. मी माझ्या हाताकडे बघितलं तर तोही वर होता. गाव सोडताना तो आमच्या दारावरून गेला. बायको, तान्हं मूल, गाढवावर बिऱ्हाड. माझ्या आईला सलाम करून गेला. चार वर्षांपूर्वी वारला तो, तिकडे आतबाशी गावात. माफी मागायला जाईन, जाईन म्हणत अठ्ठावीस वर्षं काढली मी."

गुलबार्चिननं दारापाशी पडलेला पुठ्ठा उचलून पलंगावर ठेवला.

"त्या सभेत तुझ्यासारखी एक जरी असती ना, पोरी, पुटपुटली असती तरी चाललं असतं."

गुलबार्चिननं नाक पुसलं, फडक्याची गाठ सोडली आणि एक बोर्सोक तोंडात टाकला. मग दुसरा. "मीठ कमी आहे," ती म्हणाली. उमसुनायचा जीव भांड्यात पडला. जाण्याआधी दोघींनी मिळून पेटी रिकामी केली आणि पोरीच्या आईला तार करून आल्या: डोळे ठीक, काळजी नको.

सोमवारी सकाळी उमसुनायनं आइमकुलपुढं पुठ्ठे ठेवले आणि सगळं सांगितलं. आइमकुलचा पारा चढला.

"वचन दिलं होतंत तुम्ही! अजून बावीस जण बाकी आहेत. आता वसतिगृहात बोभाटा होणार, सगळे हसत हसत येणार आणि हसत हसत बरोबर उत्तर देणार. चार महिन्यांचं काम पाण्यात!"

"जाऊ दे पाण्यात."

"तुम्हाला सोपं आहे म्हणायला."

"आइमकुल," उमसुनाय म्हणाली. आजवर ती तिला 'एजेके' म्हणायची, सगळे प्राध्यापिकेला म्हणतात तसं. आज पहिल्यांदा नुसतं नाव घेतलं. "त्या पोरीचा बाप चाळिशीत आंधळा झालाय. आज दहाच्या बसनं ती जाणार होती. तुझ्या वहीत तिच्यापुढं काय लिहिलंय?"

आइमकुलनं वही उघडली. गुलबार्चिनपुढं एक शून्य होतं. शून्य वेळा झुकली. ते वाचून ती खुर्चीत बसली आणि हातांत तोंड लपवलं. उमसुनायनं चहाचं आधण ठेवलं, दूध घातलं, वाडगा तिच्यापुढं सरकवला आणि वाट बघितली.

"लेनिनग्राडला आमचे सर म्हणायचे, प्रयोगाआधी एकदा स्वतः त्या शेवटच्या खुर्चीत बसा," आइमकुल शेवटी म्हणाली. "मी नाही बसले. घाई होती."

त्याच दुपारी ती वसतिगृहात गेली. गुलबार्चिनशी काय बोलणं झालं ते दोघींनी कुणाला सांगितलं नाही. पण परतताना आइमकुलचे हातमोजे तिथंच राहिले आणि गुलबार्चिन ते संध्याकाळी कोटांच्या खोलीत आणून देऊन गेली. स्वतःचा कोटही तिनं खुंटीला अडकवला.

मग प्रयोगाची रीत बदलली. शेवटचा पुठ्ठा खाली ठेवला की तिथल्या तिथं खरं सांगायचं, लोकरीनं रेघा मापून दाखवायच्या, चहा द्यायचा आणि मग विचारायचं: तू असं का म्हणालास? हे विचारायचं काम उमसुनायकडे आलं. आधी होऊन गेलेल्या चाळिसांनाही एकेक करून बोलावलं. काही चिडली. एक मुलगा महिनाभर उमसुनायशी बोलला नाही. एसेनबेकनं चष्मा परत मागितला आणि मग अर्ध्या वाटेतून मागं येऊन म्हणाला, "ठेवा. पुढंमागं लागेल."

उमसुनायनं विचारलं की पोरं सांगत. मी घाबरलो. मला वाटलं, माझीच खुर्ची तिरकी आहे. मला लवकर घरी जायचं होतं. मला तुमची लाज राखायची होती. हे शेवटचं इतक्या जणांनी, इतक्या तऱ्हांनी सांगितलं की आइमकुलला त्यासाठी वेगळी वही करावी लागली.

निघताना प्रत्येकाला उमसुनाय एकच विनंती करायची, बाकीच्यांचं होईपर्यंत बोलू नकोस. आइमकुलचा यावर काडीचा विश्वास नव्हता. मार्चमध्ये शेवटचा मुलगा उठला तेव्हा तिनं त्याला खोदून खोदून विचारलं, आधी काही कानावर आलं होतं का? मुलगा भांबावला. काहीच आलं नव्हतं. साठ पोरं एका वसतिगृहात राहत होती, एका चुलीवर चहा करत होती आणि एकानंही तोंड उघडलं नव्हतं.

"असं कसं?" आइमकुल म्हणाली.

"मी सांगितलं होतं ना, बोलू नका म्हणून," उमसुनाय म्हणाली. तिला त्यात नवल वाटण्यासारखं काही दिसलं नाही.

विभागप्रमुखांना निबंध आवडला नाही. आकडे कमी आणि पोरांची बोलणी फार, असं त्यांचं म्हणणं. तरी ताश्कंदच्या परिषदेत आइमकुलनं तो तसाच वाचला आणि लोकांनी थांबवून थांबवून प्रश्न विचारले. पुढच्या वर्षापासून उन्हाळ्यात ती गावोगाव विचारपूस करायला निघाली, तेव्हा उमसुनाय रजा टाकून बरोबर जाऊ लागली. शेजारी शेजाऱ्यावर कधी विश्वास टाकतो, घरात शेवटचा शब्द कुणाचा, असे प्रश्न असत. आइमकुल कागद काढून वाचू लागली की म्हाताऱ्या सगळ्या जगाला देतात तेच उत्तर देत. उमसुनाय आधी तीन वाडगे चहा घ्यायची, गाय किती दूध देते ते विचारायची, सुनेच्या हातच्या नानची तारीफ करायची. मग कागद काढायची वेळच येत नसे. शार्शेन म्हणायचा, "सरकार तुला चहा प्यायला पाठवतं आणि मला ट्रॉलीबस चालवायला लावतं. कुठं गेला न्याय?"

गुलबार्चिन शिकून कोचकोरला इतिहासाची शिक्षिका झाली. ताडकन बोलणारी म्हणून मुख्याध्यापक तिला जरा टरकून असत, असं कळलं. उमसुनायनं हे शार्शेनला तीनदा सांगितलं.

पुढं देश बदलला, शहराचं नाव बदललं, विभागातली निम्मी माणसं पांगली. उमसुनाय निवृत्त झाली आणि गुडघ्यांच्या तक्रारी करू लागली. आइमकुल टिकून राहिली. दर गुरुवारी ती उमसुनायच्या स्वयंपाकघरात येऊन बसायची आणि नवी प्रश्नावली वाचून दाखवायची. उमसुनाय कणीक मळता मळता ऐकायची.

"'तुमच्या कुटुंबात मतभेद झाल्यास...'"

"काढून टाक."

"अहो, पूर्ण ऐका तरी!"

"कुणी घरात भांडतो म्हणून पाहुण्याला सांगतं का गं? पुढचा वाच."

आइमकुल कुरकुरत पेन्सिलीनं ओळ खोडायची आणि पुढचा प्रश्न वाचायची.